काळ्या टिकलीचं पान

नाई भैया, तो गठ्ठा ट्रकात नको टाकू — पहले सुतळी सोड त्याची. हव, तोच. सकाळी चौबे कॉलोनीतून आणला ना, निळ्या गेटाच्या घरातून? माह्याच सुनेनं देली रद्दी. तिची गलती नाई, वरून ते मालगोदामाचं जुनं रजिस्टर दिसते, तिले वाटलं सासऱ्याचं रेल्वेचं काहीतरी. पण आत पेन्शनचे कागद हायेत — पेन्शनचे नाई. कायले खोटं बोलू आता. माह्या कविता हायेत. हस, हस ना! अंगठाछाप बाई अन् म्हणे कविता! मी बोलायची, आमचे हे लिहायचे. ड्यूटीवरून आले का चहाचा कप बाजूले, पेन्सिल कानावरून हातात — "बोल विमला, आज काय झालं?" लगन होऊन अमरावतीहून रायपूरले आली, गुढ़ियारीच्या खोलीत मायच्या आठवणीनं रडली, पोट्टा झाला — साऱ्याची कविता. मले वाचता येत नाई, म्हणून पानापानावर टिकली चिपकवली. लाल म्हणजे लगन, हिरवी म्हणजे पोट्ट्याचं बारसं.

पाठ? साऱ्या पाठ हायेत. मंग रजिस्टर कायले पायजे, असंच ना? — एक पान पायजे मले. काळ्या टिकलीचं. गोदू आमची, चार वर्षांची. ताप चढला, अन् हे डबल ड्यूटीवर. निरोप धाडला, तरी नाई आले. आले तवा पोरगी थंड पडली होती. महिन्याभरानं मी बोलली — "पोरीच्या अंगात आग, बाप डब्बे मोजे यार्डात, माय एकली उभी, तिचा जीव दारात." बस, दोन ओळी. पण ह्यायची पेन्सिल थांबेच ना. अख्खं पान भरलं. दोन ओळीले पानभर काय लागते? मी इचारलं नाई. समजली, माणूस आपली सफाई लिहून राह्यला, घरी का नाई आला त्याची. त्या दिवसापासून एक कविता नाई बोलली. एक्केचाळीस वर्षं, भैया! हे रोज संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसायचे — "बोल ना विमला" — अन् मी तांदूळ निवडायची. मागच्या चैतात गेले. जातानाही तेच म्हणे, बोल ना. तरी नाई बोलली मी. नातीले वाचाले लावलं असतं, पण आजोबाचं असं तिच्यापुढं कसं उघडं करू —

हे! हेच! सरक, मी काढते — हे पाह्य, लाल, हे हिरवी, अन् हे काळी. वाच ना. मराठी नाई समजत तं नको समजू, अक्षरं तं तेच हायेत. काय हाय? गोदू. हव, मंग? गोदू. अन् त्याच्या खाली? ... पुन्हा? माह्या ओळी कुठी हायेत? सफाई कुठी हाय? नीट पाह्य ना रे बाप्पा! पलट — मागच्या बाजूनं? तिथंही गोदूच?

अख्खं पान?

दे. दे इकडे. अन् तू जाय आता, तुह्या ट्रकाचा हॉर्न वाजून राह्यला. जाय म्हणते ना.