वाळलेला कंडेन्सर

...नाही, पण तुम्हीच सांगा, पोटच्या पोरीनं बापाला असं भर सभेत उघडं पाडावं? आणि डाग कोणी दिले? मीच! माझ्या हातानं, माझ्या सोल्डरनं!

तुम्हाला सांगतो, अख्ख्या बांडुंग शहरात रेडिओ बिघडला की लोक म्हणतात, एंकोसकडे टाका, म्हणजे माझ्याकडे. तर आमची निंग्रुम, विद्यापीठात शिकते, आली लाडालाडानं, "आबा, माणसाचं रक्त कसं फिरतं त्याचं सर्किट करून द्या ना." म्हटलं, रक्ताचं? शॉक बसेल की गं! तर म्हणे, "रक्त म्हणजे करंट, बारीक रक्तवाहिन्या म्हणजे रेझिस्टर, आणि हृदयाजवळची मोठी धमनी फुगते-आवळते ना, तो कंडेन्सर. गणित माझं, डाग तुमचे." विरघळलो हो मी! वर रोज सकाळी माझ्या दंडाला पट्टा बांधायची, "यंत्र तपासतेय, आबा." तपास बाई, तपास!

मग एक दिवस आकड्यांचा कागद. "हा एक रुग्ण. याच्याशी जुळेल असा कंडेन्सर शोधा." नवे लावून पाहिले, छे! करंट दाखवणाऱ्या पडद्यावर लाट आपली गुळगुळीत. शेवटी भंगाराच्या डब्यातला एक जुना, आतून वाळून चार्ज न धरणारा बसवला, आणि पडद्यावर काय... करवतीचे दात! पोट धरून हसलो. म्हटलं, "कोण गं हा? याच्या बायकोची कीव येते मला!" पोरगी हसली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं...

परवा विद्यापीठात तिचं भाषण. मी बाटिकचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, शेजारी बायको, एंतिन. आणि पोरगी म्हणते, "रुग्ण पुरुष, वय त्रेसष्ट. रोज खारा सुका मासा. चक्कर आली की म्हणतो, अंगात वारा शिरलाय, आणि बायकोकडून नाण्यानं पाठ खरवडून घेतो."

एंतिननं मान अशी सावकाश वळवली. "अहो... हा कोण?"

आता आमच्याकडे वारा कुणाच्या अंगात शिरत नाही, सांगा! ताडकन उठलो, "सर्किटात वारा कुठं दाखवलाय?" तिचे सर म्हणतात, "काका, रक्तात वारा नसतो." "मग सात महिने माझी पाठ काय उगाच सोलली?"

झालं! सगळं सभागृह माझ्याकडे. म्हणजे डागही मीच दिले आणि नावही मीच फोडलं!

घरी मासा बंद, सांबालची तिखट चटणी बंद, रक्तदाबाची गोळी चालू. मी कसली गोळी घेतोय! गुपचूप सर्किटात कोरा कंडेन्सर लावला, लाट लोण्यासारखी, आणि एंतिनला हाक मारली, "बघ, बरा झालो! आण मासा!"

मागं पोरगी उभी. डोळ्यांत पाणी. "आबा, त्यातला बदलता येतो. तुमचा नाही येत. दुसरा आबा मला कुठल्या दुकानात मिळेल?"

घ्या! तीस वर्षं मीच गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय, जुनं मॉडेल आहे, पार्ट मिळत नाही, आवाज कमी ठेवा, जपून वापरा...

गिळली गोळी. आवाजही कमी ठेवलाय.