नाचणीच्या डब्यातली चावी

आमच्या गाडीची चावी कुठं गेली ते सांगते गो. नात स्वरा आठ वर्षांची, पण चढावर धापा टाकायची. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलंय, सगळ्या घरानं सवयी बदला. माझा लेक मात्र रोज तिला गाडीवर बसवून खाली फाट्यावर वेफर्स घ्यायला न्यायचा. मी चावी नाचणीच्या पिठात पुरली. तो डबा माझ्याशिवाय कोण उघडतंय?

"आये, चावी कुठं हाय?"

"शोध. तवर चालत जा."

दोघं चालत जायला लागली. चढून आली की भाकरीवर तुटून पडायची. हळूहळू वेफर्स सुटले, फेरी राहिली.

परवा स्वरा भाकरीसाठी पीठ काढायला गेली, तर हाताला चावी. बाप धावतच आला. पोरीनं ती परत पिठात खुपसली.

"बाबा, एकदा तरी माझ्या आधी वर पोचा, मग देते."

चावी अजून पिठातच हाय.