पंप वर घेण्याचा मान

त्या दिवशी सकाळी मी गच्चीवर धुणं वाळत घालत होते. हे टाकीच्या मोटारीजवळ उकिडवे बसले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला. मी म्हटलं, "चहा निवतोय." म्हणाले, "थांब जरा, बेअरिंग काहीतरी सांगतंय." मी म्हटलं, "मीही मघापासून सांगतेय. माझं कोण ऐकतं?" हसले. उठले. चहा घेतला, डबा घेतला, ऑफिसला गेले. दुपारी तिथेच टेबलाजवळ छातीत कळ आली आणि संपलं.

मंडळी, यांच्या शोकसभेला तुम्ही नाते गावाहून आलात, दासगावहून आलात. वरच्या वाडीवरून गंगारामभाऊ आणि सुगंधाताई आले आहेत. मला सभेत बोलायची सवय नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही वाचलं ते घरात, हातातलं काम उरकून. पण बोलणार आहे मी सगळं.

आतापर्यंत सगळे म्हणाले, साहेब मोठे इंजिनियर होते. मोठे म्हणजे काय, ते मी पाहिलं तेवढं सांगते. हे पाणी योजनांच्या पंपांचं डिझाईन करायचे. घरी नवा बोल्ट आणायचे, पान्हा माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "सोडव बघू." मी म्हणायचे, "पोळ्या कोण लाटेल?" म्हणायचे, "तुझ्या हाताने निघाला तर वाडीतल्या कुणाच्याही हाताने निघेल." नाही निघाला, तर मी काही बोलायच्या आत कागदावरची रेघ बदललेली असायची. त्यांचं मोठेपण हे एवढंच होतं.

गंगारामभाऊंची वाडी उमरठच्या पुढे डोंगरात आहे. नदी खाली, घरं वर. तिथला जुना पंप काठावर पक्का बसवलेला होता. पावसाळ्यात नदी फुगली की तो पाण्याखाली जायचा, मोटारीत गाळ भरायचा. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बायांच्या डोक्यावर हंडे. यांनी नवा पंप रुळांवरच्या गाड्यावर बसवला. पाऊस लागायच्या आधी पाइप सोडायचा, वर दोर गुंडाळणारा विंच आहे त्याचा दांडा फिरवायचा, की गाडा वर येतो. पावसाळाभर झऱ्यांना पाणी असतंच. पाऊस सरला की गाडा परत खाली.

पहिल्या वर्षी दांड्याला पहिला हात यांनी लावला. पुढच्या वर्षी वाडीने बोलावणं धाडलं. मग तो मानच होऊन बसला. आधी नारळ, मग हार, मग साहेबांचा हात, आणि मग पंप.

हे वैतागायचे. म्हणायचे, "गंगारामभाऊ, माझा हात कशाला? मी काय नवरदेव हाय?"

गंगारामभाऊ म्हणायचे, "साहेब, तुमचा हात लागल्याबिगर पंप हलायचा नाय."

"हलतो ओ. तसाच बनवलाय."

"बनवला तुमी, तर हलवा पन तुमीच."

सगळे हसायचे. हेही हसायचे. घरी येऊन मात्र मला म्हणायचे, "मी नसलो तर पंप चालला पाहिजे. नाहीतर माझं डिझाईन फुकट गेलं." मी रागवायचे, कसलं बोलता म्हणून.

यांना पोचवून माणसं परत आली, त्याच संध्याकाळी गंगारामभाऊंचा फोन आला. रडत होते. म्हणाले, "वयनी, साहेबांचं तेरावं होईस्तवर वाडीतला कोनी पंपाला हात लावनार नाय. आमी ठरवलंय." मी विचारलं, "वर घाटात पाऊस कसा आहे?" म्हणाले, "लय हाय. पानी चढतंय." मी विचारलं, "आणि पंप?" म्हणाले, "खालीच हाय."

गंगारामभाऊ, मान खाली घालू नका. तुम्ही मायेनेच ठरवलंत. पण ती माया तुमच्या वाडीला वर्षभर नदीवर पाठवणार होती. आणि यांचं आयुष्यभराचं काम गाळात गेलं असतं ते यांच्याच नावाने. हे मला कसं सहन व्हावं?

मंडळी, मघाशी इथे कुणी सुचवलं की पंपाच्या शेडला साहेबांचं नाव द्या, फोटो लावा. मी हात जोडून नको म्हणते. फोटो लावलात की उद्या त्या फोटोला हार घातल्याशिवाय दांडा फिरणार नाही. मला माहीत आहात ना तुम्ही. नाव नको, फोटो नको. दरवर्षी आभाळ भरून आलं की जो जवळ असेल त्याने पंप वर घ्यायचा. मला फोनसुद्धा करू नका.

आणि एक. सुतकात ही बाई घराबाहेर पडली, असं गावात बोललं जातंय. माझ्या कानावर आलंय. ते खरं आहे. कुठे गेले होते ते आज सगळ्यांसमोर सांगते. माझं सांगून झालं की आपण उभं राहून थोडा वेळ शांत राहू.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. दीर दारात उभे होते, "लोक काय म्हणतील?" जाऊबाईंनी माझ्या हातात छत्री दिली. वाडीवर पोचले तेव्हा पाणी रुळांना लागलं होतं. सगळी वाडी काठावर उभी. गंगारामभाऊंनी दांडा माझ्यापुढे केला. म्हणाले, "वयनी, आता तुमचा हात." मी म्हटलं, "मला सुतक आहे. माझा हात चालायचा नाही. तुम्हीच फिरवा." कुणी हलेना. मग सुगंधाताई पुढे आल्या. म्हणाल्या, "सरका रे. हंडे आमच्या डोक्यावर येनार हायत." त्यांनी दांडा धरला.

पंप वर आला. मी घरी आले, आंघोळ केली आणि यांच्या दिव्यात तेल घातलं.