नेनेबाईंचं घुबड

कलर टीव्ही नवा नवा आला होता ना, तेव्हाची गोष्ट. मुलुंडला आमच्या गॅलरीत घुबड बसलं, म्हणून मी हाकलत होते. शेजारच्या नेनेबाई फिदीफिदी हसल्या. "मावशी, तुम्ही अगदीच अडाणी! इंग्रजीत हुशार माणसाला घुबड म्हणतात."

आठवड्याने त्यांच्या मोहनला बघायला मुलीकडचे आले. शेजारीण म्हणून मलाही बोलावलं. मुलीच्या बापाने मलाच विचारलं, "मुलगा कसा आहे हो?"

म्हटलं, "काय सांगू! अख्ख्या बिल्डिंगमध्ये असं घुबड नाही."

त्यांचा पोह्यांचा घास घशातच अडकला. नेनेबाई किंचाळल्या, "अहो, इंग्रजीत ते कौतुक असतं!"

बशी खाली ठेवून ते उठले. "मग बाई, सूनही विलायतेतलीच बघा."