खांबाच्या आतली वाट

मी मूळची पासलीची, भाताच्या चिखलात वाढलेली, मला तारेचं काम कुठलं ठावं? लगीन होऊन भोरात आले, आमच्या मालकांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, तितं डबा घिऊन जाता जाता हातात पक्कड कवा आली माझं मलाच कळलं न्हाई. मग मालकांना लकवा मारला, उजवा हात गेला तो गेलाच, तवापास्नं ते स्टुलावर बसून सांगत्यात आन मी करते. काय सांगू तुमाला, आदी गिऱ्हाइकं बाई बघून माघारी जायची. आता न्हाई जात.

तर ती मोटार. उत्रोलीचे एक रिटायर गुरुजी हायेत, त्यांची लई जुनी, बाकदार पाठीची गाडी शेडात पडून होती. नातीच्या लग्नाला तीच न्यायची म्हणून पत्रा करून घेतला, रंग दिला, आन वायरिंगला आमच्याकडं आणली. दार उघडलं की लागतो ना आतला दिवा, त्याची तार उंदरांनी खाल्लेली. दिवा वर, दोन दारांच्या मधल्या खांबाच्या डोक्याशी. आन छताचं कापड गुरुजींच्या बायकोनं शिवलेलं, घरच्या मशिनीवर, कडंनं दोऱ्यानं बारीक येल भरलेली. त्या बाई आता न्हाईत. गुरुजी मला एवढंच म्हणाले, ताई, कापड तेवढं उसवू नका.

मग तार न्यायची कुठनं, तर खांबाच्या पोटातनं, खालनं वर. जुन्या तारेला नवी बांधायची आन वढायची, ही आमची रीत. वढली, आन निम्म्यात जुनी तार तुटली की वो! ताठ तार घालून बघितली, आत कुठंतरी अडायची. गाडी रंगवणारा तितंच हुता, म्हणाला, बाहेरनंच न्या की, वर पट्टी मारा. गुरुजी म्हणाले चालंल, पण त्यांच्या तोंडाकडं बघवंना.

मालक उठले. खांबाला कान लावला, मला म्हणाले हलव तार. हलवली. अगं, ढकलू नकोस, म्हणाले, आत वळण हाये, वाट बंद न्हाई, मऊ कायतरी पाठव. मी खालच्या भोकातनं ब्याटरी मारून वाकून बघितलं आन बघतच ऱ्हायले. बाहेरनं नुसता पत्रा, आन आत गल्लीच हाये, वर वर गेलेली, अंधारात. कडा कशा, तर तारेला कापू नये म्हणून आतल्या अंगाला वळवलेल्या, जिथं कुणाची नजर जाणार न्हाई तितं. कुण्या माणसानं कुठं बसून येवढा इचार केला आसंल?

घरनं वातीचा कापूस आणला, त्याला गोधडीचा दोरा बांधून खालच्या भोकात ठिवला. वर दिवा काढून त्याच्या भोकाला गाडी साफ करायचं हवा वढायचं मशीन लावलं, मालकांनी डाव्या हातानं धरलं. चालू केलं आन माझ्या बोटातनं दोरा सरसर सरसर जायला लागला, जित्यावाणी. मालक वराडले, आला गं, आला! त्या दोऱ्यामागं जाड दोरा, त्यामागं तार.

गुरुजींनी दार उघडलं. दिवा लागला, कापडावरची येल न येल दिसाय लागली. दार लावलं, परत उघडलं, परत लावलं. मग आत जाऊन बसले, आन आमी दोघं बाहेर हुबं ऱ्हायलो.

लगीन झालं, नात त्याच गाडीतनं गेली. मालकांचा हात काय आता येत न्हाई, डाक्टरबी तसंच म्हणत्यात. सकाळी दुकान उघडते, त्यांना बसवते, टेम्पो येत्यात, ट्रॅक्टर येत्यात. ते कान लावत्यात, मी हात घालते. देवानं हे असंच चालू ठेवावं, आनिक काय मागू?