दुसरी ओ

(सेलूजवळची जुनी मालगुजारी बाग. आता तिथं कॉलेज आहे. सन २००३, दिवाळीची सुट्टी, उन्हं कलती. लहानपणच्या दोन मैत्रिणी चालताहेत.)

नंदिनी : ...अन् मंग विहिरीजवळून माय हाक मारे. ‘नंदे, ये वं घरी, भाकर थंडी होऊन राह्यली.’

हर्षा : अशी नाही. ‘नंदेऽऽ’ म्हणून थांबायची, मग ‘ये वंऽऽ’ वर न्यायची. जात्यावरची ओवी फिरवावी तशी.

नंदिनी : माय माही, अन् चाल तुले पाठ.

हर्षा : बंगल्यापर्यंत यायचा आवाज. चल, या अंगानं जाऊ. पारिजात होता इथं.

नंदिनी : सायकल स्टँड झालं आता. गेटवरच्या दादाले जय भीम घातला, ओळख काढली, तवा सोडलं त्यानं. मालगुजाराच्या नातीले तिच्याच बागेत माह्या वशिल्यानं या लागलं, पाह्य.

हर्षा : बोलून घे. पाहुणीच आहे मी. पण संत्र्याची झाडं राखलीत गं यांनी. रंग धरलाय बघ, हिरव्यात जरासं पिवळं. भुलाबाईची गाणी संपली की हा रंग यायचा, आणि पहाटे पायांना दव लागायचं.

नंदिनी : अन् बाबा राखनीले काठी घेऊन बसत. तुले म्हनत, ‘हर्षाबाई, दूर व्हा जी.’ मले म्हनत, ‘ए पोट्टे, हात मोडीन.’

हर्षा : तेच तर. तुझ्या बाबांचं ‘पोट्टे’ तुला, ‘हर्षाबाई’ मला. एवढीशी पोर, आणि सगळ्या जगाची बाई. जेवायलासुद्धा मला कोणी हाक मारायचं नाही. पितळी घंटा वाजायची.

नंदिनी : मले त्या घंटेचा लय हेवा वाटे. काय थाट, म्हनो.

हर्षा : तू ठेवून घ्यायची होतीस. मला आईचा आवाज आठवत नाही, नंदा. चेहरा फोटोत आहे. आवाज कुठंच नाही.

नंदिनी : तवा आमच्या घरी काऊन नाई आली वं तू कधी?

हर्षा : आले होते की एकदा. तुमच्या माठातलं पाणी प्यायले.

नंदिनी : हाव. अन् तुह्या आजोबानं मंग किती दिवस बंगल्याबाहेर पाय ठेवू देल्ला नाई.

हर्षा : पुढं खेळायचं ते विहिरीच्या अलीकडं. पलीकडं तुमचं घर.

नंदिनी : हे आली विहीर. बस इथं. दिवस बुडाच्या आत मले घरी पोचा लागते, पन आधी तुले एक विचाराचं हाय. त्याच्यासाठीच बोलावलं. फिरनं नावाचं.

हर्षा : तानाबाई बऱ्या आहेत ना?

नंदिनी : माह्या मायले अजून तानाबाईच? काकू म्हन की.

हर्षा : तसं म्हणायला शिकवलंच नाही कोणी.

नंदिनी : अंगानं बरी हाय. पन मानसं इसरली. मले कधी ओळखते, कधी म्हनते, ‘बसा मास्तरीनबाई.’ सांज झाली का मातर दारात उभी राह्यते अन् तश्शीच हाक मारते. मी आतून ओ देल्ली तरी आत येत नाई. कान देऊन उभी. म्हनते, ‘एक आली. दुसरी कोठी हाय?’

हर्षा : दुसरी?

नंदिनी : ‘दुसरी आल्याबिगर वाढू नोको.’ ताट तसंच राह्यते. कधी दूध पेते, कधी उपाशीच झोपते. हर्षा, माह्या मागं-पुढं कोनी झालं नाई. का झालतं? माह्या आधी एखादी पोट्टी येऊन गेली अन् मले कोनी सांगितलंच नाई? बाबा तं नाईत आता विचाराले. बागेतली सारी खबर बंगल्यावर पोचे. तुह्या कानावर काई आलतं का?

हर्षा : शेवंती लावायच्या ना इथं तानाबाई?

नंदिनी : मी काय विचारून राह्यली, अन् तू काय बोलून राह्यली?

हर्षा : ऐकलं मी. ती बंगल्याची गच्ची बघ. अगदी विहिरीच्या माथ्यावर आहे, नाही?

नंदिनी : तिथंच उभी राहे तू सांजच्याले. मी हात हलवो, तुहा काई हाले नाई. घमंडी वाटे मले.

हर्षा : दोन्ही हातांनी कठडा धरलेला असायचा गं. तू ‘आली’ म्हणून धावत सुटायचीस. तुझ्यामागून तुझी आई लगेच जायची का?

नंदिनी : नाई. पदराले हात पुसत उभी राहे जराशी. वर पाहे. मले वाटे, चांदनी पाहून राह्यली.

हर्षा : बहीण नव्हती तुला, नंदा. ते मनातून काढून टाक.

नंदिनी : तुले कसं मालूम?

हर्षा : घंटा वाजायच्या आधी, तुझ्या मागोमाग, अगदी हळू म्हणायचे मी. मला वाटायचं, खाली कोणाला ऐकू जात नाही. ‘आली वं माय.’