चोर कोण ते आधीच

काय सांगू राव, मुलांसाठी ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणं आता सोडावं म्हणतोय. नाणेघाटातल्या जकातीच्या चोरीवर दोन वर्षं खपून कादंबरी लिहिली. घोडेगावकडच्या एका शाळेनं बोलावलं. शाल-नारळ झाला आणि पुस्तकाचा परिचय करून द्यायला मुख्याध्यापक उठले.

"मुलांनो, यातला चोर म्हणजे खुद्द जकातदार!"

मी हबकलोच. "सर, ते शेवटच्या पानावर कळायचं होतं!"

"आवो, पोरं गोंधळत्यात. आमी उत्तर आधी देतो, मग धडा."

एका मुलीनं हात वर केला. "सर, उत्तर मिळालं. आता पुस्तक वाचायचंय का?"

मी आशेनं सरांकडे बघितलं.

"काय गरज न्हाई. पाठ करा. चोर कोण?"

अख्खी शाळा ओरडली, "जकातदार!"